खेळातली घटका आणि खेळाची बखर

इ. स. १८३४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर बुद्धिबळ क्लबात फ्रान्सचा लाबुर्दोने आणि बेलफास्टचा मॅक्डॉनेल यांच्यामध्ये ८५ डाव खेळले गेले. लाबुर्दोने हा झपाट्याने खेळणारा. उलट मॅक्डॉनेल एकेका खेळीसाठी कधी कधी दीड-दीड तास डोके धरून बसे. त्या काळी खेळाला वेळेचे बंधन असे नव्हतेच. समोरच्याने खेळी करीपर्यंत वाट पाहणे हा सभ्यतेचा भाग समजला जाई, आणि ती वाट पाहताना फ्रेंच गृहस्थाची जी तगमग होत असेल तिला कोठेही दाद नव्हती. पटाशेजारी क्लबाचे वयोवृद्ध चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर हे बसत आणि प्रत्येक खेळी कागदावर टिपून घेत. मॅक्डॉनेल १८३५ मध्ये वारला, लाबुर्दोने १८४० मध्ये. परंतु वॉकर यांच्या टिपणांमुळे ते डाव आजही कोणालाही पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत मांडून पाहता येतात.

या टिपणांत एक गोष्ट मात्र नाही. मॅक्डॉनेलचा दीड तास त्यांत कोठेच सापडत नाही. प्यादे या घरातून त्या घरात गेले एवढेच कागद सांगतो. ते जाण्यापूर्वी किती वेळ गेला, हात किती वेळा पुढे येऊन मागे गेला, हे कागदाला ठाऊक नाही. खेळाची बखर राहिली, घटका मात्र हरवली.

घटकेचा बंदोबस्त पुढे झाला, पण स्वतंत्रपणे झाला. १८५१ साली लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा संथ खेळणाऱ्यांविषयी इतका त्रागा झाला की वेळ मोजल्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे ठेवून दोन तासांत २४ खेळ्या असा नियम करण्यात आला. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांनी योजलेले जोडघड्याळ आले. एक तबकडी चालू झाली की दुसरी आपोआप थांबावी, अशी त्याची रचना होती. तेव्हापासून बुद्धिबळपटूच्या एका हाताशी घड्याळ आणि दुसऱ्या हाताशी टिपणवही हा देखावा कायम झाला.

प्रत्येक खेळापुढे हे दोन प्रश्न असतातच: एकाने दुसऱ्यासाठी किती थांबावे, आणि खेळ संपल्यावर त्याचे काय उरावे? विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक टेलिफोनच्या तारांनी एकमेकांस जोडले गेले आणि माणसे एकमेकांचे तोंडही न पाहता खेळू लागली, तेव्हा हेच प्रश्न अगदी नव्या वेषात पुढे आले. त्यांची जी उत्तरे निघाली त्यांचा इतिहास अवघ्या चार-पाच दशकांचा आहे. तथापि तो मनोरंजक आहे आणि काही अंशी चिंता वाटायला लावणाराही आहे.

१९७८ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघांनी सूचनाफलकासारखा चालणारा एक संगणक टेलिफोनला जोडला. दूरच्या मनुष्याने आपल्या घरच्या संगणकावरून त्या क्रमांकाला फोन लावावा, फलकावरचा मजकूर वाचावा, आपला मजकूर मागे ठेवावा आणि फोन बंद करावा, अशी ही व्यवस्था. तार एकच, तेव्हा एका वेळी माणूसही एकच. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत असे फलक हजारोंनी निघाले. बहुतेकांचे चालक म्हणजे हौशी गृहस्थ. आपल्याच घरातल्या खोलीत, आपल्याच खर्चाने ते हा उद्योग करीत.

अशा फलकावर खेळ खेळायचा तर तो एकाच वेळी दोघांनी खेळणे शक्य नव्हते. एकाने यावे, आपला भाग खेळून जावे, मग दुसऱ्याने यावे. आणि पहिला आलेला मनुष्य जर रात्रभर तार अडवून बसला, तर बाकीच्या गावाने काय करावे? या अडचणीतून जी युक्ती निघाली ती सेथ रॉबिन्सन याने १९८९ साली रचलेल्या ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ या खेळात चांगली दिसते. या खेळात अरण्यात जाऊन राक्षसांशी लढायचे असे. पण दिवसाकाठी लढाया ठरलेल्या. त्या संपल्या की शूराने शस्त्र खाली ठेवावे आणि उद्याची वाट पाहावी. रात्री त्याने उघड्या शेतात निजावे किंवा पैसे मोजून सराईत खोली घ्यावी. शेतात निजलेल्यावर दुसरा खेळाडू येऊन घाला घालू शके. सकाळी फोन लावावा तो आपण मध्यरात्रीच मारले गेलो आहोत, अशी वार्ता गावच्या दैनिक वृत्तांतात वाचावयास मिळे. सगळा खेळ अक्षरांचाच; चित्रे म्हणण्यासारखी जवळजवळ नव्हतीच.

येथली प्रतीक्षा ही रांगेतली प्रतीक्षा होती. सार्वजनिक नळावर घरटी दोन हंडे ठरवून दिले, तर त्यात कोणाचा अपमान होत नाही; पाणीच थोडे असते. येथे थोडी होती ती तार. ‘ट्रेडवॉर्स’ या अंतराळातील व्यापाराच्या खेळातही दिवसाला ठरावीक चाली असत, त्याही याच कारणासाठी. या नियमाचा एक अनपेक्षित गुण असा की, दिवसभर नोकरी करणारा कारकून आणि रिकामटेकडा विद्यार्थी हे दोघे त्यामुळे समान पातळीवर येत. ज्याला वेळ अधिक, त्याला चाली अधिक, असे होत नसे.

तारेची टंचाई पुढे इंटरनेटने दूर केली, पण तिच्या जागी दुसरी अडचण उभी राहिली. १९९२ साली ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला आणि निरनिराळ्या देशांतले लोक घड्याळ लावून बुद्धिबळ खेळू लागले. येथे असे होई की खेळाडूने खेळी ताबडतोब करावी, पण ती जाळ्यातून मुक्कामी पोचेपर्यंत दोन-चार सेकंद जावेत, आणि ते खेळाडूच्याच खाती पडावेत. पाच मिनिटांच्या डावात हा तोटा प्राणघातक. अखेर असा तोडगा निघाला की खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवावा; त्याने खेळाडूने प्रत्यक्ष विचारात घालवलेला वेळ मोजावा आणि तेवढाच कापला जावा. म्हणजे घड्याळ पंचाच्या टेबलावरून उचलून प्रतिस्पर्ध्याच्या घरात नेऊन ठेवण्यासारखे हे झाले. त्यात लबाडी होऊ नये म्हणून मोजलेला वेळ गुप्त लिपीत पाठवावा लागला.

याच सुमारास बखरीच्या बाजूला एक विलक्षण गोष्ट घडली. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ‘इड सॉफ्टवेअर’ या मंडळीने ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनी भरलेल्या भुयारांतून बंदूक घेऊन धावायचे, असा त्याचा रांगडा विषय. अभिरुचीच्या दृष्टीने त्याच्याविषयी काही चांगले बोलणे कठीण आहे, पण त्याच्या पोटात एक सुंदर यंत्रणा होती. खेळाडूचा डाव जसाच्या तसा नोंदवून ठेवण्याची आणि पुन्हा पाहण्याची सोय तीत केलेली होती, आणि ही नोंद चित्रपटासारखी चित्रांची नव्हती. डूमचे जग सेकंदाला ३५ वेळा पुढे सरकते. त्या प्रत्येक क्षणी खेळाडूने काय केले, म्हणजे पुढे-मागे किती सरकला, बाजूला किती गेला, किती वळला, कोणती कळ दाबली, एवढेच चार बाइटांत टिपले जाई. सेकंदाला १४० बाइट, मिनिटाला ८,४००. अर्ध्या तासाचा डाव सुमारे अडीच लाख बाइटांत मावे. त्या काळच्या एका फ्लॉपीवर असे पाच डाव सहज बसत.

आता प्रश्न असा की, केवळ खेळाडूच्या हालचाली टिपल्या तर राक्षसांच्या हालचाली कोठून येणार? त्यांचे वागणे तर योगायोगावर सोपवलेले. याचे उत्तर म्हणजे शकुनीच्या फाशांची आठवण करून देणारे आहे. डूममधील योगायोग खरा योगायोग नव्हताच. प्रोग्राममध्ये २५६ अंकांची एक कायमची यादी होती, आणि दान पडायचे असे तेव्हा त्या यादीतला पुढचा अंक घेतला जाई. नोंदवलेला डाव सुरू झाला की यादी पहिल्यापासून वाचली जाई. त्यामुळे खेळाडूच्या हालचाली त्याच असल्या की राक्षसही तेच करीत, त्याच कोपऱ्यातून येत आणि त्याच गोळीने पडत. वॉकर यांच्या टिपणांप्रमाणेच ही बखर म्हणजे केवळ खेळ्यांची यादी. नियम ठाऊक असले की पट आपोआप मांडला जातो.

फरक एवढाच की या यादीत न केलेल्या खेळ्याही होत्या. खेळाडू दाराआड दोन सेकंद थबकला, तर त्या दोन सेकंदांचे ७० कोरे क्षणही क्रमाने नोंदले जात. मॅक्डॉनेलचा जो दीड तास कागदातून निसटला तसा येथे एकही क्षण निसटत नसे. १९९४ पासून अशा नोंदी एकमेकांना पाठवून कोण कमी वेळात भुयार पार करतो याच्या चढाओढी सुरू झाल्या, आणि नोंद हाच पुरावा मानला जाऊ लागला. लबाडीही अर्थातच आली. खेळ अगदी मंद गतीने चालवून, चूक झाली की मागे जाऊन, एकेक क्षण जुळवीत अशक्यप्राय डाव रचता येऊ लागला. १९९९ साली काही हौशी मंडळींनी हा प्रकार उघडपणे, ‘साधनांच्या साहाय्याने’ असे सांगूनच, एक वेगळी कला म्हणून मांडला. त्यामुळे वाद पुष्कळसा मिटला.

खेळ्यांची यादी हीच बखर, ही कल्पना पुढे आणखी एका वळणाने आली. १९९७ साली डॅलस येथील ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा साम्राज्ये उभारण्याचा खेळ काढला. आठ खेळाडू, प्रत्येकाचे सैन्य, शेतकरी, लाकूडतोडे; सारे मिळून दीड हजार जीव पटावर, आणि ते सर्व त्या काळच्या मंद टेलिफोन-तारेवरून एकमेकांस दिसले पाहिजेत. दीड हजार जिवांची जागा क्षणोक्षणी कळविणे त्या तारेच्या शक्तीबाहेरचे होते. म्हणून असे ठरले की कोणी कोणाची जागा कळवायचीच नाही. प्रत्येक खेळाडूने फक्त आपले हुकूम कळवावेत, आणि आठही संगणकांनी तेच हुकूम त्याच क्रमाने पाळून एकच युद्ध आठ ठिकाणी घडवावे. हुकूम सर्वांना पोचावा म्हणून तो दिल्याबरोबर अमलात येत नसे. दोन फेऱ्यांनंतर येई. एक फेरी साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची. एखाद्याचा संगणक मंद असला की फेरी लांबे आणि सर्वांनाच त्याच्या चालीने चालावे लागे. पंढरीच्या दिंडीत म्हातारी माणसे असली की तरण्यांनाही पाऊल आखडते घ्यावे लागते, तसे.

हे आठ संगणक एकमेकांपासून केसभरही दूर जाऊन चालत नसत. खेळ रचणाऱ्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की, एका संगणकावर एखादे हरिण किंचित वेगळ्या जागी उभे राहिले, तर ते चरत वेगळ्या दिशेला जाई. मग काही मिनिटांनी एखाद्या शिकाऱ्याचा भाला चुके, त्याला मांस मिळत नसे, आणि होता होता दोन खेळाडू दोन वेगळ्याच युद्धांत लढत असत. अशा चुका शोधण्यात त्यांचे पुष्कळ श्रम गेले. पण एकदा ही काटेकोर शिस्त साधल्यावर बखर जवळजवळ फुकटात मिळाली. युद्ध चालविण्यास जर हुकूमच पुरेसे आहेत, तर तेच हुकूम जपून ठेवले की युद्ध पुन्हा घडवता येते. १९९९ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात डाव नोंदवून ठेवण्याची सोय देण्यात आली.

या सोयीचा खरा परिणाम दिसला तो ‘स्टारक्राफ्ट’ या खेळात. हा खेळ १९९८ चा. त्यात रिप्लेची व्यवस्था २००१ साली आली. दक्षिण कोरियात तोपर्यंत या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर दाखविले जाऊ लागले होते आणि त्याचे धंदेवाईक खेळाडू तयार झाले होते. पूर्वी एखादा उस्ताद कसा जिंकतो हे त्याच्या शेजारी बसल्यावाचून कळत नसे. आता त्याने केलेला प्रत्येक हुकूम, तो कोणत्या क्षणी केला आणि त्याआधी किती वेळ तो घुटमळला, हे सारे कोणाही पोराला आपल्या घरी पाहता येऊ लागले. शिवाय खेळताना जो प्रदेश अंधारात असतो तोही रिप्लेत उजळता येतो. गायकाच्या घरी राहून विद्या मिळवण्याचे दिवस ध्वनिमुद्रिकांनी जसे पालटले, तसेच हे झाले. २०१९ मध्ये लंडनच्या ‘डीपमाइंड’ या कंपनीने या खेळाच्या दुसऱ्या भागात नामांकित खेळाडूंना हरविणारे यंत्र तयार केले, तेव्हा त्या यंत्राचे पहिले धडे माणसांच्या रिप्लेंवरच गिरवून घेतले होते. आपल्या फावल्या वेळेतले डाव कधी यंत्राचे पाठ्यपुस्तक होतील, हे खेळणाऱ्यांच्या स्वप्नीही नसेल.

प्रतीक्षेची वाट मात्र निराळ्याच दिशेने गेली होती. जर्मनीत २००२ साली ‘ओगेम’ आणि २००४ साली ‘ट्रॅव्हियन’ हे खेळ निघाले. ते इंटरनेटवरील साध्या पानांतून खेळले जात. त्यांत तारेची टंचाई नव्हती, एका वेळी हजारो माणसे येऊ शकत होती. तरीही प्रतीक्षा होती. खाण बांधायची तर तास लागत. आरमार दूरच्या ग्रहावर पाठवले तर ते खऱ्या घड्याळाप्रमाणे पोचे, मग मध्ये रात्र असो की कचेरीची वेळ असो. खेळाडू निजला तरी शत्रू जागा असे. त्यामुळे ओगेममधले जाणते खेळाडू निजण्यापूर्वी आपले सगळे आरमार मुद्दाम लांबच्या प्रवासाला धाडीत. वाटेत असलेल्या आरमारावर हल्ला करता येत नसे. सकाळी उठण्याच्या वेळेला ते परत यावे असा हिशेब. खेळाने आता मनुष्याच्या झोपेत हात घातला होता, असेच म्हटले पाहिजे.

आणि मग २००९ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘झिंगा’ कंपनीचा ‘फार्मव्हिल’ आला. फेसबुकवर बसून शेती करायची. स्ट्रॉबेरी लावली तर चार तासांत तयार, इतर पिकांना अधिक वेळ. वेळेवर येऊन पीक काढले नाही तर ते वाळून जाई. पुढच्या वर्षाच्या आरंभी महिन्याकाठी आठ कोटींहून अधिक माणसे हा खेळ खेळत होती. या शेतीत नांगरणीचे कष्ट नव्हते, पावसाची धास्ती नव्हती. शेतकऱ्याच्या आयुष्यातून फक्त वाट पाहणे तेवढे काढून घेतले होते. ते सोसवेना किंवा आणखी काही हवे वाटले, तर पैसे देण्याची सोय होतीच. रांगेतल्या प्रतीक्षेत आणि या प्रतीक्षेत मोठे अंतर आहे. तेथे पाणी कमी होते म्हणून हंडे मोजले होते. येथे पाणी मुबलक असून तोटीला कुलूप लावले होते, आणि किल्ली विकायला ठेवली होती.

या प्रकाराची थट्टा करण्यासाठी अमेरिकेतील प्राध्यापक इयन बोगोस्ट यांनी २०१० च्या जुलैत ‘काउ क्लिकर’ नावाचा खेळ रचला. त्यात एक गाय. तिच्यावर दर सहा तासांनी एकदा कळ दाबायची. बस्स. सहा तास थांबवेना तर पैसे भरून थांबणे टाळायचे. विडंबन म्हणून केलेली ही गोष्ट हजारो माणसे मनापासून खेळू लागली, तेव्हा ते स्वतःच गोंधळून गेले. २०११ मध्ये त्यांनी सर्व गाई नाहीशा केल्या. त्यानंतरही काही माणसे गाय जेथे असे त्या रिकाम्या जागेवर कळ दाबीत राहिली. टीकाकाराची फजिती म्हणून ही हकीकत सांगितली जाते. वस्तुतः तिने त्यांचेच म्हणणे सिद्ध केले.

विकाऊ प्रतीक्षा आणि बखर हे दोन्ही प्रवाह एकत्र मिळाले ते हेलसिंकी येथील ‘सुपरसेल’ कंपनीच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या खेळात. तो २०१२ च्या ऑगस्टमध्ये निघाला. खेळाडूचे एक गाव असते. कोट, तोफा, कोठारे. प्रत्येक बांधकामाला वेळ लागतो. आरंभी काही सेकंद, मग मिनिटे, मग तास, आणि खेळात मुरल्यावर कित्येक दिवस. थांबायचे नसेल तर हिरवी रत्ने द्यावी लागतात, आणि रत्ने पैशांनी मिळतात. खेळाच्या आरंभीच्या वर्षांतील दरांचे कोष्टक पाहण्यासारखे आहे: एक मिनिट चुकवायचे तर १ रत्न, एक तास चुकवायचा तर २०, एक दिवस २६०, आणि आठवडा १,०००. मिनिटाच्या दराने तासाला ६० पडायला हवीत, पडतात २०; तासाच्या दराने दिवसाला ४८० हवीत, पडतात २६०. म्हणजे थोडा वेळ किरकोळीने महाग आणि पुष्कळ वेळ घाऊकीने स्वस्त. वाण्याच्या दुकानातलाच हा न्याय; येथे माल मात्र खेळाडूचा स्वतःचाच वेळ.

याच खेळात, खेळाडू निजलेला असता दुसरा येऊन त्याच्या गावावर तीन मिनिटांचा हल्ला करू शकतो. सकाळी उठल्यावर त्या हल्ल्याचा रिप्ले पाहता येतो. कोणत्या बाजूने शत्रू आला, कोणती तोफ आधी पडली, कोट कोठे तोकडा पडला, हे पाहून गावाची रचना बदलायची. टेलिफोन-फलकाच्या काळी शेतात निजलेला वीर सकाळी आपल्या मृत्यूची वार्ता वाचत असे, तिची ही चित्रमय आवृत्ती. कंपनीच्या दृष्टीने हा रिप्ले दुसरेही काम करतो. चोरी झाली एवढे कळून जितका राग येतो, त्याहून ती डोळ्यांनी पाहून अधिक येतो. आणि रागावलेला मनुष्य कोट वाढवायला घाई करतो. घाईला दर ठरलेलेच आहेत.

खेळाडूंच्या नाराजीचा परिणाम होत नाही असे नाही. सैन्य तयार होण्यासाठी थांबावे लागे तो सारा वेळ सुपरसेलने २०२५ च्या मार्चमध्ये काढून टाकला. इमारतींचा वेळ मात्र राहिला.

आता बखरींच्या आयुष्याविषयी. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर छापले गेले. त्यातील पटाच्या स्थिती आज दोनशे वर्षांनंतरही कोणत्याही लाकडी मोहऱ्यांनी मांडता येतात. कारण बुद्धिबळाचे नियम कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. संगणकावरील खेळांची गोष्ट तशी नाही. नोंदीत फक्त हुकूम असतात. ते हुकूम पाळणारे जग प्रोग्राममध्ये असते, आणि प्रोग्राम कंपनीच्या हाती. कंपनीने तोफेची शक्ती रतिभर बदलली, तरी जुने हुकूम नव्या जगाशी जुळत नाहीत. मग नोंदीतला वीर भिंतीला धडका देतो, रिकाम्या जागी गोळ्या झाडतो, आणि भलत्याच ठिकाणी मरून पडतो. हा प्रकार डूमच्या जुन्या नोंदी दुसऱ्या आवृत्तीवर चालवणाऱ्यांनी पुष्कळदा पाहिला आहे.

बहुतेक कंपन्या असे हास्यास्पद दृश्य दिसू देण्यापेक्षा जुनी नोंद उघडूच देत नाहीत. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये मोठा बदल झाला की मागील रिप्ले पाहता येत नाहीत. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात २०१६ साली रिप्ले आले, तेही चालू आवृत्तीपुरतेच. आणि आवृत्ती साधारण दोन आठवड्यांनी बदलते. स्टारक्राफ्टच्या दुसऱ्या भागात जुना रिप्ले उघडला तर त्या वेळचीच आवृत्ती शोधून लावली जाते. ही व्यवस्था खरोखर कौतुकास्पद. पण तीही कंपनी ती चालवील तोपर्यंतच. फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० रोजी फेसबुकवरून बंद झाला. ज्या फ्लॅश नावाच्या यंत्रणेवर तो चाले तिचाही कारभार त्याच दिवशी आटोपला. कोट्यवधी माणसांनी पहाटे उठून, जेवणाच्या सुटीत, बसमध्ये उभ्याने ज्या घटका तेथे घातल्या, त्यांची एका ओळीचीही बखर खेळाने मागे ठेवली नाही. कोणाच्या शेतात काय पिकले होते हे पाहायचे तर कोणी हौसेने काढलेली छायाचित्रे शोधावी लागतात.

डूमच्या बाबतीत उलट झाले. १९९७ च्या डिसेंबरात इड सॉफ्टवेअरने त्या खेळाच्या प्रोग्रामचा मूळ लेख सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून हौशी मंडळींनी त्याच्या अनेक नव्या प्रती सिद्ध केल्या, आणि त्यांतील काहींनी जुन्या आवृत्त्यांचे नियमच नव्हे तर त्यांतल्या चुकादेखील जशाच्या तशा जपल्या. कारण एक चूक दुरुस्त केली तरी जुन्या नोंदी चालेनाशा होतात. जुन्या संहितेचे संपादन करणारा विद्वान लेखनिकाचा प्रमाद मुद्दाम तसाच ठेवतो, त्या जातीची ही दक्षता. १९९४ साली फ्लॉपीवर साठविलेली काही हजार बाइटांची नोंद आज अशा प्रतीला दिली, तर ती भुयारे पुन्हा उभी राहतात, राक्षस त्याच कोपऱ्यांतून येतात, आणि खेळणारा दाराआड त्या वेळी जितके क्षण थांबला होता तितकेच थांबतो.